साडेसत्तावीस फुटांची लाट

६ जून १९६२. लंडनमधल्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत लिव्हरपूलची चार मुलं आपलं सामान घेऊन ध्वनिमुद्रणासाठी आली. पॉल मॅकार्टनीच्या बेस गिटारचा ॲम्प एवढा घरघरत होता की त्यावर काम होणं शक्यच नव्हतं. मग ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ आणि तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी स्टुडिओतलाच लीक कंपनीचा 'टीएल १२' ॲम्प काढला, गिटारची पिन बसेल असं सॉकेट त्याला सोल्डर केलं, प्रतिध्वनीच्या खोलीतला एक भारदस्त टॅनॉय स्पीकर उचलून आणला. बीटल्सच्या तिथल्या पहिल्या दिवसाचा बेस या जुळणीवर वाजला. 'टीएल १२'मधले बारा म्हणजे बारा वॉट. आजच्या मोबाइलचा फास्ट चार्जरही याहून जास्त वॉटचा असतो.

स्टुडिओत माइक स्पीकरच्या तोंडाशी असतो, तिथे थोडक्या आवाजात भागतं, हे खरं. पण त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये 'बिग थ्री' या बँडमधला गिटारवादक एड्रियन बार्बर यानं मॅकार्टनीसाठी एक खोका तयार केला होता. उभट, बोजड, आत एकच पंधरा इंची स्पीकर. दिसायला शवपेटीसारखा, म्हणून त्याचं नावही तेच पडलं. तो वाजवायला क्वाड कंपनीचा १५ वॉटचा ॲम्प होता, म्हणजे घरात बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्या रसिकांसाठी बनवलेलं यंत्र. एवढ्यावर भरगच्च क्लबात बेस ऐकू जात होता. (हा बार्बर पुढे अमेरिकेत गेला आणि १९६९ साली ऑलमन ब्रदर्स बँडच्या पहिल्या अल्बमचा निर्माता झाला.)

आता पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या बँडकडे या. बेस वाजवणाऱ्या मुलीनं हौसेनं १५ वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प घेतलेला असतो. घरी तो छान वाजतो. जॅमरूममध्ये ड्रमरनं पहिला ठोका दिला की तिचा बेस जणू खोलीतून निघून जातो. वॉट मॅकार्टनीच्या ॲम्पएवढेच, मग फरक कुठे पडला? या प्रश्नाचं उत्तर मला आजही थक्क करतं, कारण ते विजेत फारसं नाहीच. ते हवेत आहे, खोक्यात आहे आणि बरंचसं आपल्या मेंदूत आहे.

सुरुवात सर्वांत जाड तारेपासून करू. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. आपल्याकडच्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. भागाकार केला तर त्या सुराची एक लाट निघते जवळजवळ साडेआठ मीटर, म्हणजे साडेसत्तावीस फूट लांब. आपण सराव करतो ती खोली बारा बाय दहाची. त्या खोलीत ही लाट पूर्ण मावतसुद्धा नाही, तरी आपण तिच्यात उभे राहून नाचतो.

एवढी लाट उठवायची तर हवा ढकलावी लागते, आणि ती ढकलतो स्पीकरचा कागदी पडदा. बारा इंची स्पीकरपासून एक मीटरवर १०० डेसिबलचा आवाज हवा असेल, तर ४१ हर्ट्झला पडद्यानं साधारण पाच मिलिमीटर पुढे आणि पाच मिलिमीटर मागे जायला हवं. तेवढाच आवाज १००० हर्ट्झला काढायचा तर किती हालचाल लागेल? सुमारे आठ मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. सूर एक सप्तक खाली उतरला की तोच आवाज टिकवायला पडद्याला चौपट हलावं लागतं, दोन सप्तकं उतरला की सोळापट. गिटारवाल्याचा १५ वॉटचा ॲम्प ड्रमच्या वरताण का ओरडतो आणि बेसवाल्याचा का दबतो, त्याचं मोठं कारण या वर्गाच्या गणितात आहे.

म्हणूनच पडद्याचं क्षेत्रफळ इतकं मोलाचं. पंधरा इंची स्पीकरचा पडदा आठ इंचीच्या जवळजवळ चौपट असतो. दोन दहा इंची मिळून एका बारा इंचीपेक्षा जास्त हवा ढकलतात. आठ इंची स्पीकरला बारा इंचीची बरोबरी करायची तर १२ मिलिमीटर पुढे, १२ मिलिमीटर मागे धावावं लागेल, आणि स्वस्त ॲम्पमधला आठ इंची स्पीकर तसा धावूच शकत नाही. बार्बरच्या खोक्यात पंधरा इंची स्पीकर होता, ही बाब १५ वॉटपेक्षा महत्त्वाची.

त्यात आपला कानही बेसच्या बाबतीत मंद. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून समान मोठ्या वाटणाऱ्या आवाजांचे आलेख १९३३ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढा वाटायला ४० हर्ट्झच्या सुराला ८० डेसिबलहून अधिक लागतात. चाळीस डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिशक्तीत दहा हजार पट.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की गरिबानं बेस वाजवूच नये. पण निसर्गानं इथे एक दार उघडं ठेवलंय. तार छेडली की फक्त ४१ हर्ट्झ उमटत नाहीत. तिच्या पोटात ८२, १२३, १६४ असे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपही वाजत असतात. वरचे हे कंप ऐकू आले आणि खालचा मूळ सूर साफ काढून टाकला, तरी मेंदू त्यांच्यामधलं अंतर हेरतो आणि नसलेला मूळ सूर आपल्याला ऐकवतो! जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्ट झेबेक यानं १८४१ साली भोकांच्या चकतीवर हवा सोडून हे पाहिलं होतं, आणि त्यावरून गेऑर्ग ओहमशी त्याचा वाद रंगला होता. होय, विजेच्या रोधाला ज्याचं नाव आहे तोच ओहम. तळहाताएवढ्या रेडिओवरही आपल्याला गाण्यातला बेस 'कळतो', तो या करामतीमुळे.

मोठमोठे बेस ॲम्प याच सवलतीवर जगतात. १९६९ साली अँपेग कंपनीनं ३०० वॉटचा एसव्हीटी काढला आणि रोलिंग स्टोन्सनं तो त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. दहा इंची आठ स्पीकरांचं त्याचं कपाटाएवढं कॅबिनेट रॉकच्या बेसची ओळख बनलं. त्याच्या आजच्या आवृत्तीचा कंपनीनं दिलेला तपशील पाहा: आवाज ५८ हर्ट्झपासूनच उतरायला लागतो आणि ४० हर्ट्झला दहा डेसिबल खाली गेलेला असतो. म्हणजे ज्या गडगडाटानं लोकांचे श्वास रोखले, त्यात मोकळ्या ई तारेचा मूळ सूर फार थोडा होता. सरावाच्या ॲम्पला म्हणूनच पाताळ गाठायची गरज नाही. ६०-७० हर्ट्झपासून वर तो स्वच्छ आणि दमदार वाजला की पुरे.

याचा रोजच्या वापरातला अर्थ असा की बँडमध्ये बेस ऐकू येईना तर 'बास'चं बटण फिरवू नका. तिथे दहा डेसिबल वाढवणं म्हणजे ॲम्पकडे दहापट शक्ती मागणं. २०० ते ८०० हर्ट्झचा मधला पट्टा थोडा वर घ्या. गिटारवाल्याला त्याच्या ॲम्पचा खर्ज थोडा कापायला सांगा. एकही रुपया न खर्चता बेस पुढे येतो.

आता खोक्याकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट ती आहे. पडदा पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढे आणि मागे एकाच वेळी नेमक्या उलट लाटा निघतात. साडेसत्तावीस फुटांच्या लाटेला स्पीकरच्या कडेवरून वळसा घालणं काहीच नाही. मागची लाट पुढे येते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. उघड्या पाठीच्या गिटार ॲम्पवर बेस पोकळ वाजतो, त्यामागे हेही कारण आहे. उघडा स्पीकर हातात धरून वाजवा आणि मग फळीला पाडलेल्या गोल भोकावर दाबून धरा. खर्ज एकदम उगवतो. स्पीकर तोच, ॲम्प तोच. मागच्या लाटेला कोंडून ठेवणं हे खोक्याचं पहिलं काम.

दुसरं काम अधिक हुशारीचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो, कारण मानेतली हवा वजनाचं काम करते आणि पोटातली हवा स्प्रिंगचं. घटम वाजवणारे त्याचं तोंड पोटाशी दाबून आणि सोडून याच सुराशी खेळतात. खोक्याला नळी बसवली तर मागची कोंडलेली लाट त्या नळीतून ठरावीक सुराभोवती उलटी होऊन बाहेर येते आणि पुढच्या लाटेला पुसण्याऐवजी तिच्यात भर घालते. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास याला १९३२ साली याचं पेटंट मिळालं. नळीच्या सुराजवळ स्पीकरचा पडदा जवळजवळ स्थिर असतो आणि हवा नळीच हलवत असते. मात्र त्या सुराच्या खाली गेलात की पडद्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो नुसता फडफडतो आणि फाटूही शकतो. म्हणून जाणकार ३०-३५ हर्ट्झखालचं सगळं ॲम्पमध्येच गाळून टाकतात.

नळी किती लांब, खोका किती मोठा? अनेक वर्षं याचं उत्तर बरंचसं अंदाजानं दिलं जायचं. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यानं १९६१ साली स्पीकर आणि खोका यांचं वागणं विजेच्या फिल्टरच्या गणितात बसवलं, आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यानं ते पूर्ण केलं. त्यामुळे आज कुठल्याही बऱ्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे छापलेले असतात. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते भरले की हा स्पीकर कुठल्या खोक्यात कसा वाजेल, हे करवत हातात घेण्याआधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं. एक उदाहरण देतो. ६० लिटरचा खोका ४५ हर्ट्झला साधायचा असेल, तर आतून दहा सेंटिमीटर व्यासाची, सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची पीव्हीसी नळी लागते. प्लंबरच्या दुकानात मिळणारा तुकडा! ज्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर हे आकडे नाहीत, तो बेससाठी घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

इथे एक नियम आडवा येतो. लहान खोका, खोल खर्ज आणि थोडक्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. हा नियम सांगणारा अँटन हॉफमन हा केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच', आणि विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमनचा मुलगा. कोणतीही जाहिरात तिन्हींचं वचन देत असेल तर ती खोटी आहे. सरावासाठी मी खोल खर्ज सोडून देतो. तो सोडला तर मध्यम खोक्यात, कमी वॉटमध्ये मोठा आवाज मिळतो, आणि खर्जाची उणीव ऐकणाऱ्यांचे मेंदू भरून काढतातच.

वॉटचा विषय मुद्दाम इतक्या उशिरा घेतोय. स्पीकर ही विलक्षण उधळी वस्तू आहे. एका वॉटला एक मीटरवर ९३ डेसिबल देणारा स्पीकर विजेच्या जेमतेम सव्वा टक्क्याचा आवाज करतो, बाकी सगळी उष्णता होऊन कॉइलमध्ये जाते. या डेसिबलच्या आकड्याला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात, आणि खरेदीत वॉटपेक्षा तोच आधी पाहावा. तीन डेसिबल जास्त म्हणजे ॲम्प दुप्पट वॉटचा घेतल्यासारखं. म्हणून गाडीतला सबवूफर काढून बेससाठी वापरायचा मोह टाळा. ९६ डेसिबलचा बारा इंची स्पीकर १०० वॉटमध्ये जे करतो, त्यासाठी ८७ डेसिबलच्या सबवूफरला ८०० वॉट लागतील. शिवाय बोटांचा, तारेचा जो आवाज मधल्या पट्ट्यात असतो, तो त्यातून निघतच नाही.

वॉट स्वतः मात्र पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झालेत. 'क्लास डी' ॲम्प विजेचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद करतो, आणि त्या चालू-बंदच्या प्रमाणातून सूर घडवतो. अर्धवट उघडं काही राहत नाही, म्हणून उष्णता फार कमी, आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप बसवलेला बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तो ४ ओहमच्या स्पीकरला ४० वॉटच्या आसपास देतो. घरी बनवायची सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला हाच, कारण यात २३० व्होल्ट ॲडॉप्टरच्या बाहेर येत नाहीत. फक्त बेस थेट त्या बोर्डाला जोडू नका. पिकअपला सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, तो नसेल तर आवाज मेलेला येतो. मधे एक छोटा प्रीॲम्प किंवा बेसचा पेडल हवा.

खोका १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचा करा, फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरा, समोरासमोरच्या भिंती आतून आडव्या पट्टीनं बांधून टाका. प्रत्येक फट बुजवा, कारण फटीतून खर्ज गळतो आणि वर शिट्टी ऐकू येते. दोन स्पीकर लावणार असाल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर दोघांच्या टोकांना लावून पाहा. दोन्ही पडदे एकाच दिशेला उडायला हवेत. एक उलटा जोडला गेला तर खर्ज नाहीसा होतो आणि बिघाड कशात आहे ते कळता कळत नाही. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. त्याहून खाली ॲम्पनं सांगितल्याशिवाय जाऊ नका.

ज्यांना बनवायचं नाही त्यांनी जुन्या बाजारात पाहावं. जड बेस ॲम्प लोक केवळ वजनाला कंटाळून विकतात. बारा किंवा पंधरा इंची स्पीकर, १०० वॉट किंवा जास्त, एवढं असलं की ड्रमसोबत निभावतं. बारा इंची पॉवर्ड (आतच ॲम्प असलेला) पीए स्पीकर आणि बेसचा पेडल ही जोडीही उत्तम, शिवाय गायकालाही उपयोगी. कीबोर्डचा ॲम्प चालतो, गिटारचा चालत नाही. मंडपातले उभे कॉलम स्पीकर भाषणासाठी असतात, बेस त्यांत घालू नये.

आणि खोली. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास हवा स्वतःच डोलायला लागते. हा सूर ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या एफ शार्पच्या अगदी शेजारचा. तो वाजवला की खिडक्या थरथरतात, आणि भिंतींच्या बरोबर मधोमध उभ्या असलेल्या वादकाला तोच सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन पावलं सरकलं की परत येतो. ॲम्प कोपऱ्यात ठेवला तर जमीन आणि भिंती खर्ज परतवून त्यात भर घालतात. कमी पडत असेल तर कोपरा गाठा, घुमत असेल तर कोपरा सोडा. ॲम्प स्टुलावर ठेवून कानाकडे तिरका करा, कारण मधला पट्टा सरळ रेषेत जातो आणि गुडघ्यांना कान नसतात.

तीन-पिनी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. तुमची बोटं बेसच्या तारांवर असतात, आणि त्याच वेळी माइकला स्पर्श झाला तर विजेचा धक्का बसू शकतो. बंद खोलीत ड्रमसेट सहज १०० डेसिबलला पोहोचतो, आणि अमेरिकेच्या 'निओश' संस्थेच्या शिफारशीनुसार तेवढ्या आवाजात विनासंरक्षण दिवसाला १५ मिनिटंच राहावं. इअरप्लगचे पैसे ॲम्पच्या बजेटमध्येच धरा. आणि ॲम्प पाहायला जाताना स्वतःचा बेस आणि तुमचा ड्रमर, दोन्ही बरोबर न्या; एकट्यानं वाजवून घेतलेला ॲम्प हमखास छोटा पडतो.